पेटीने जुळवलेली काडी

गुंजवणे, ता. वेल्हे
३ मे १९७७

चि. सर्जेरावास रामभाऊमामाचा आशीर्वाद.

तुझ्या आईचा, म्हणजे आमच्या साळूताईचा खोकला उतरल्याचे नसरापूरच्या बाजारात कळले. बरे वाटले. इकडे भातरोपांसाठी राब भाजून झाले आहेत आणि त्यांच्याबरोबर माझे डोकेही भाजून निघाले आहे, म्हणून हे पत्र.

आपल्या फुलाची काडीमोड ठरली. दिवाळीला माहेरी आली ती परत जायला तयार नाही. उत्रोलीच्या मंडळींनी बोलावणी धाडली, मी समजूत घातली, पण पोरीचे म्हणणे एकच. "आबा, अंगात ताप व्हता तवा सासूनं लावणीच्या चिखलात हुबी केली. त्येचं न्हाई काई. पर मालक बांधावर हुबं राहून नुसतं बघत व्हतं. त्या बघन्याखाली म्या नांदनार न्हाई." यावर बापाने काय बोलावे? दादू वाईट नाही रे. पण आईपुढे त्याची मान इतकी खाली असते, की जावयाचे तोंड कसे आहे हे मला अजून नीट सांगता येणार नाही.

तर नवऱ्याने पंचांसमोर काडी मोडायची, तुकडे दोन बाजूंना टाकायचे, की दोघे मोकळे. ही आपली जुनी रीत आहे आणि ती मला मान्य आहे. मान्य नाहीत ते पंच. मागल्या साली कोंडिबाच्या पोरीची काडी मोडली आणि सुगी येईतो पंचांची जीभ उलटली. एक म्हणाला काडी मोडली, दुसरा म्हणाला नुसती वाकली, तिसरा म्हणाला मी तंबाखू मळत होतो. ती पोरगी अजून ना सासरची ना माहेरची. फुलाचे तसे झाले तर मला जन्मभर झोप यायची नाही.

तू गणपतीत आलास तेव्हा एका यंत्राचे सांगत होतास. सिनेमासारखे हलते चित्र धरते, पण ते धुवायला पाठवावे लागत नाही, तिथल्या तिथे दिसते. ते घेऊन ये. काडी मोडताना त्याच्या पेटीत धरून ठेव. माणसाची जीभ उलटते, पेटीची काही उलटणार नाही.

फुलाला विचारले. म्हणाली, "बोलवा सर्जादादाला. तेवढीच जत्रा." तिला थट्टा सुचते आहे हे पाहून मला जरा धीर आला. पंधरवड्यात ये.

तुझा मामा,
रामभाऊ

---

पुणे
९ मे १९७७

ती. मामांस सर्जेरावचा साष्टांग नमस्कार.

पत्र वाचून वाईट वाटले आणि खरे सांगायचे तर अभिमानही वाटला. अख्ख्या वेल्हे तालुक्यात आधुनिक विचाराचा माणूस कोण, असे कुणी विचारले तर मी तुमचेच नाव घेईन.

त्या यंत्राला व्हिडिओ म्हणतात. हातात कॅमेरा असतो, खांद्याला रेकॉर्डरची पेटी असते, आणि दोघांना जोडणारी जाड वायर असते. पेटीत दोन चकत्या. एकीवरची तपकिरी फीत दुसरीवर गुंडाळत जाते आणि जाता जाता चित्र नि आवाज दोन्ही पकडते. बॅटरीवर चालते, त्यामुळे तुमच्याकडे वीज नसली तरी चित्र धरता येते. दाखवायला मात्र वीज लागते, कारण टीव्हीचा डबा बॅटरीवर चालत नाही. पेटी पाठीला लावून मी चालतो तेव्हा आई म्हणते, औषध फवारायला निघालास का. तिला अजून कळलेले नाही.

आमच्या शेतकी संस्थेचे साहेब भातावरच्या खोडकिड्याची माहिती चित्रित करायला भोरला येतच आहेत. एक दिवस मी यंत्र घेऊन तुमच्याकडे येतो. साहेबांना "ग्रामीण रीतिरिवाज" असे सांगितले आहे. फक्त एक, फीत परदेशातून येते आणि मोजकीच आहे. साहेब तीच तीच पुसून वापरतात. वरून नवे धरले की खालचे आपोआप जाते, पाटीसारखे. पण फुलाची फीत मी जपेन.

मंडळींना सांगून ठेवा, कुणी कॅमेऱ्याकडे बघून रामराम घालायचा नाही आणि वायरीवर पाय द्यायचा नाही. बाकी सगळे माझ्यावर सोडा. या कामात माझा हात कुणी धरणार नाही.

आपला,
सर्जेराव

---

गुंजवणे
२३ मे १९७७

चि. सर्जेरावास आशीर्वाद.

तुझा हात कुणी धरणार नाही हे खरे, पण त्या दिवशी कुणी धरला असता तर बरे झाले असते. तू घाईने गेलास म्हणून तुझ्यामागे काय झाले ते लिहितो.

दादूने काडी मोडली, तुकडे टाकले, पंचांनी माना हलवल्या, धोंडाबाई विहिणीने पदर तोंडाला लावला, सगळे यथासांग झाले आणि तू म्हणालास, "पुन्हा एकदा घ्या, झाकण राहिलं व्हतं!" कॅमेऱ्याच्या डोळ्यावर झाकण ठेवून तू चित्र धरत होतास! पंच माझ्याकडे बघायला लागले. मी दादूकडे बघायला लागलो. दादू त्याच्या आईकडे. शेवटी तूच कुंपणातली दुसरी काडी आणून दिलीस आणि त्या बिचाऱ्याने पुन्हा एकदा बायको सोडली.

तू गेल्यावर गेनबा म्हातारा विचारतो, "रामभाऊ, येकदा मोडली म्हंजे सुटली. दोनदा मोडली म्हंजे काय झालं?" मी म्हटले, पक्के झाले. दोन खिळे मारले की फळी पक्की बसते. तो गेला, पण मला रात्रभर त्याचेच चऱ्हाट. बाकी पहिल्या काडीचे तुकडे आमच्या फुलाने उचलून आत नेले. अंगण झाडायची तिला भारी हौस. चुलीत घातले असतील.

आता मुद्दा. उत्रोलीचे मुख्य पंच रखमाजी त्या दिवशी येऊ शकले नव्हते. त्यांचा निरोप आहे, की आमच्या गावच्या पोराने काडी मोडली ती आम्हाला दाखवा, मग आम्ही शिक्का मारू. त्यांच्याकडे भाटघर धरणाची वीज आहे. तू टीव्हीचा डबा आणि पेटी घेऊन थेट उत्रोलीला ये. मी एसटीने येतो. एकदा तिथे पेटी दाखवली की पोर मोकळी.

या वेळी झाकण काढून ये.

रामभाऊ

---

पुणे
२८ मे १९७७

ती. मामांस साष्टांग नमस्कार.

झाकणाचे आईलाही सांगितलेत, हे बरे केले नाहीत. आता ती मला वाढतानासुद्धा विचारते, पातेल्यावरचे झाकण काढू का? त्या दिवशी कॅमेऱ्याच्या बारक्या काचेत अंधार दिसत होता हे खरे, पण मला वाटले उन्हाने माझेच डोळे दिपले. असो, नुकसान काही झाले नाही. अंधाराची ती फीत मागे घेऊन तिच्यावरच मी दुसरी काडी धरली. पहिली काडी आता पेटीत औषधालाही नाही. जी आहे ती स्वच्छ, उजेडातली.

५ जूनला उत्रोलीच्या देवळात सगळे घेऊन येतो. साहेबांची जीप आहे. संध्याकाळी लगेच परतावे लागेल. लोकांनी असले यंत्र कधी पाहिलेले नाही, तेव्हा नुसती काडी दाखवून भागणार नाही. थोडी करमणूकही करीन. तुमच्या जावयाच्या गावात तुमची मान ताठ राहील, बघाच.

सर्जेराव

---

पुणे
७ जून १९७७

ती. मामांस साष्टांग नमस्कार.

काय तो कार्यक्रम! मला अजून झोप नाही. जीपवाला घाई करत होता म्हणून तुमच्याशी बोलताही आले नाही, पण निघताना गर्दीत तुमचा चेहरा दिसला. आनंदाने अगदी थिजून गेला होतात.

काडी मोडलेली सगळ्यांना साफ दिसली. रखमाजींनी मान डोलावली तेव्हाच मी मनात म्हटले, झाले काम. मग म्हटले, आता करमणूक. सकाळीच मी देवळाबाहेर तिथल्याच एका सावळारामबुवांना तंबाखूची पिंक टाकताना धरले होते. यंत्राचा दांडा अर्ध्यावर ठेवला आणि दोन्ही चकत्या हाताने हळूहळू उलट्या फिरवल्या. पडद्यावर पट्टे येतात, पण चित्र दिसते. पिंक जमिनीवरून उठली, हवेतून उडत बुवांच्या तोंडात गेली, आणि बुवांनी तोंड मिटून घेतले! माणसे हसून हसून लोळली. खुद्द बुवा बाहेर जाऊन चूळ भरून आले.

मग तुमच्या विहीणबाई उठून म्हणाल्या, "ती काडीबी तशीच फिरीव रं बाबा." मी फिरवली. जमिनीवरचे तुकडे दोन बाजूंनी उडाले, दादूच्या हातात आले आणि काडी अखंड! विहीणबाईंनी टाळ्या काय वाजवल्या, "जुळली, जुळली!" म्हणून उभ्या काय राहिल्या! एवढी रसिक बाई मी पाहिली नाही. तुम्ही उगाच त्यांच्याबद्दल वाईट लिहिता. मग सुलटी फिरवून मोडलेलीही पुन्हा दाखवणार होतो, पण देवळात इतका कल्ला झाला की यंत्र बंद केले.

फुलाला सांगा, तिची काडीमोड आता तालुकाभर गाजणार.

सर्जेराव

---

गुंजवणे
११ जून १९७७

सर्जेराव,

आशीर्वाद पुढच्या पत्री. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, आणि त्या मारुतीच्या शेपटीला आग लावून तू जीपमध्ये बसून गेलास.

तुझ्या त्या रसिक बाईने टाळ्या का वाजवल्या ते ऐक. तुझी जीप वेशीबाहेर पडते न पडते तोच धोंडाबाई पंचांपुढे येऊन उभी राहिली. "समद्यांनी बघितलं का न्हाई? काडी जुळली. माझ्या लेकाच्या हातात साबूत हाय. आता माझी सून लावणीच्या आत घरी आली पायजे."

मी म्हटले, अहो विहीणबाई, तो खेळ होता. तर म्हणते, "मोडली ती खरी नि जुळली त्यो खेळ? येकाच पेटीत, येकाच डब्यात?" आता तू सांग, याला उत्तर काय? सावळाराम तर शपथ घेऊन सांगत होता, की पिंक परत आल्याची चव त्याला तोंडात जाणवली.

आणि यातला सगळ्यात मोठा गाढव मी. तू वायरी जोडत होतास तेव्हा रखमाजींनी मला विचारले होते, "रामभाऊ, ह्या पेटीत दिसल त्ये तुमी मान्य करनार का?" मी अख्ख्या गावासमोर बेलभंडारा उचलून शपथ घेतली. म्हटले, पेटी दाखवील ते मला आणि माझ्या पोरीला मान्य. आता पेटीने काडी जुळवून दाखवली. आपल्याच हाताने धोंडा पायावर पाडून घेतला.

त्यात धोंडाबाई म्हणते, चित्र धरणारा पोरीचा आतेभाऊ, म्हणजे लबाडी झाली असती तर त्यांच्याच बाजूने झाली असती. ज्या अर्थी त्यांच्याच माणसाच्या हातून काडी जुळली, त्या अर्थी ही देवाचीच इच्छा. तिचे हे म्हणणे पंचांना फार पटले आहे.

तिला सून नको आहे. लावणीला दोन हात हवे आहेत, तेही फुकट. फुलाला हे सगळे सांगितले तर पोर हसली. मग गोठ्यात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. काहीतरी कर.

रामभाऊ

---

पुणे
१७ जून १९७७

ती. मामांस साष्टांग नमस्कार.

पत्र वाचल्यापासून अन्न गोड लागत नाही. टाळ्या वाजल्या की माणसाला दुसरे काही ऐकू येत नाही, हे मला या वयात कळले. आई बोलायची थांबली आहे. नुसते झाकण आपटते.

पण काळजी करू नका, मी उपाय केला आहे. मुळावरच घाव घातला. ज्या फितीवर काडी जुळते ती फीतच राहिली नाही तर जुळली कशावरून म्हणणार? साहेबांना खोडकिड्याचे व्याख्यान पुन्हा घ्यायचे होते. मी मुद्दाम फुलाचीच फीत लावली. साहेब मायंदाळ बोलले. आता त्या फितीवर पहिल्यापासून शेवटपर्यंत साहेब, त्यांच्या हातातले वाळके भाताचे ताट आणि त्यातला किडा आहे. काडी नाही, दादू नाही, धोंडाबाई नाहीत.

पंचांनी पेटी मागितली तर खुशाल हो म्हणा. मी पाठवीन.

सर्जेराव

---

गुंजवणे
२४ जून १९७७

चि. सर्जेराव,

साळूताईला सांग, झाकण जपून आपट. जे आपटायला हवे ते डोके पुण्यात दुसऱ्याच ठिकाणी आहे.

अरे शहाण्या, काडी मोडली याला पुरावा तीच एक फीत होती! ती तू किड्याला खाऊ घातलीस. आता मोडलेली दिसत नाही, आणि जुळलेली मात्र सगळ्या उत्रोलीने डोळ्यांनी बघितली आहे. माझे पंच म्हणतात, आमची साक्ष कशाला, तुमची पेटी आहे ना, पेटीलाच विचारा. मीच त्यांना सांगितले होते की तुमच्या जिभेचा भरवसा नाही. ते विसरलेले नाहीत.

उत्रोलीला निरोप धाडला, की फीत पुसली गेली. उलटा निरोप आला. रखमाजी म्हणतात, पुसली गेली म्हणजे शेवटचे जे दिसले तेच कायम. पुढल्या रविवारी बैठक आहे. फुलाला घेऊन या, ओटीचे सामान आम्ही आणतो.

सर्जा, मी आता दमलो. बेलभंडारा उचललेला माणूस आहे मी. गावात आजवर माझा शब्द खाली पडलेला नाही, आणि तो राखायचा तर पोर जाते. पोर राखायची तर तोंड दाखवायला जागा नाही. परवा फुलाला म्हटले, "पोरी, येवढी लावणी जा. मंग बघू." ती माझ्याकडे बघत राहिली. तिने दादूच्या बघण्याबद्दल जे सांगितले होते ते मला तेव्हा आठवले, आणि मी मान खाली घातली. आपण बांधावर उभे आहोत असे वाटले रे.

तू येऊ नकोस. पेटी तर मुळीच आणू नकोस.

रामभाऊ

---

गुंजवणे
७ जुलै १९७७

सर्जादादास फुलाचा नमस्कार.

आबा लिहिणार नाहीत. बैठक झाल्यापासून ते गप्प आहेत, पण वाईट गप्प नाहीत. काल दोन भाकरी जास्त खाल्ल्या. म्हणून मीच लिहिते. अक्षर गोड मानून घे, शाळा सोडून किती वर्षं झाली.

रविवारी आम्ही उत्रोलीला गेलो. देवळात सगळा गाव जमला होता. काही बायका नुसत्या डबा बघायला आल्या होत्या, तो नाही म्हटल्यावर त्या माझ्यावर रागावल्या. सासूबाईंनी ओटीचं ताट आणलं होतं. खण, नारळ, आणि खणाखाली नवा कोरा विळा. मला हसूच आलं.

रखमाजीबाबा म्हणाले, "पोरी, तुझ्या बापानं बेलभंडारा उचललाय. पेटीत काडी जुळली. तुजं काय म्हननं?"

मी म्हटलं, "माजं काई म्हननं न्हाई, बाबा. जुळली ती जुळली." आबांनी डोळे मिटून घेतले. मी पदराची गाठ सोडली आणि पंचांपुढच्या घोंगडीवर काडीचे दोन तुकडे ठेवले. "पेटीतली जुळली. आता ही जुळवा."

दादा, तुझ्या झाकणाखालची काडी ती. तू "पुन्हा घ्या" म्हणालास तेव्हा मी तुकडे उचलले ते झाडायला नाही. खरी काडीमोड झाली ती तीच, दुसरी तुझ्या यंत्रासाठी. खरी चीज जमिनीवर पडून राहू द्यायची का? चुलीत कशाला घालीन! चुलीवरच्या फडताळात, मिठाच्या मडक्यामागे ठेवली होती.

सासूबाई म्हणाल्या, कुठलीबी काडी आणून दावती. तेव्हा रखमाजीबाबांनी मालकांना पुढे बोलावलं. "दादू, तुजी का ही?"

मालकांनी तुकडे उचलले. एकाचं टोक दुसऱ्याच्या टोकाला लावलं. निरगुडीची काडी, मोडताना साल थोडी सोलली होती. ते बरोब्बर बसलं. सगळे वाकून बघत होते. मला एकदम भीती वाटली, दादा. वाटलं, हा माणूस आता हात काढणारच नाही. असाच धरून ठेवील आणि सगळे म्हणतील जुळली. सासूबाई तर म्हणायलाही लागल्या, "बघा, बघा!"

मालकांनी आईकडे बघितलं. मग माझ्याकडे. लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हासुद्धा त्यांनी इतकं सरळ बघितलं नव्हतं. आणि हात सोडले. तुकडे खाली पडले.

"म्याच मोडली," म्हणाले. "ही खरी मोडली. दुसरी फोटूसाठी मोडली व्हती."

सासूबाई ओरडल्या, "आरं, लावणी कोन करंल?"

"म्या करीन," मालक म्हणाले. आबांना विचार, जावयाचं तोंड कसं आहे ते आता त्यांना सांगता येईल. बरं आहे तसं.

रखमाजीबाबांनी दाढी खाजवली. मग निकाल दिला तो असा. पेटीत जी काडी जुळली ती पेटीतली. तिच्यावर रामभाऊंचा बेलभंडारा कायम आहे, म्हणून पेटीतली सून धोंडाबाईंचीच. ती त्यांनी पाहिजे तेव्हा लावणीला न्यावी. देवळातली काडी मोडलेली आहे, म्हणून देवळातली पोरगी रामभाऊंची. शब्दही राहिला आणि पोरही राहिली. सगळ्यांनी माना डोलावल्या.

सासूबाई म्हणाल्या, मग मला पेटीतली सून द्या, पेटी आणा. आबा पहिल्यांदाच बोलले. "विहीनबाई, पेटीत आता खोडकिडा हाय. न्या, आन् नांदवा त्येला." देवळात जे हसू फुटलं ते सावळारामबुवांच्या पिंकेलाही फुटलं नव्हतं, असं आबा म्हणतात. बुवा मात्र हसले नाहीत.

परत येताना नसरापूरला गाडी बदलायची होती. आबांनी मला भजी घेऊन दिली आणि म्हणाले, "म्या तुला जा म्हनलो व्हतो, पोरी." मी म्हटलं, "म्हनला व्हता." मग आम्ही दोघांनी भजी खाल्ली. मला राग आला होता, दादा, फार आला होता. तो गेला का म्हणशील तर अजून थोडा आहे. लावणीच्या चिखलात जाईल.

तुझ्यावर मात्र राग नाही. तुला एक सांगते. पहिल्यांदा काडी मोडली तेव्हा माझ्या तोंडावर काय आलं ते मला माहीत नाही. छातीवरचा दगड उतरल्यासारखं झालं आणि मी रडले का हसले हे मलाच कळलं नाही. दुसऱ्यांदा तू सांगितलंस म्हणून मी नीट पदर घेऊन उभी राहिले. पेटीत ती दुसरी होती. तिला किड्याने खाल्लं तरी चालेल. पहिली कुणी धरली नाही, म्हणून कुणाला उलटी फिरवता आली नाही. तुझं झाकण राहिलं नसतं तर मी आज उत्रोलीत असते.

आत्याला सांग, आता तुझ्याशी बोलायला हरकत नाही.

खालच्या खाचरात बुधवारपासून आमची लावणी आहे आणि माणसं कमी आहेत. तू ये. यंत्र आणायचं असेल तर आण, पण झाकण लावूनच ठेव, आणि दोन्ही हात रिकामे घेऊन ये.

फुला